चेहरा काय म्हणतो?

माझ्या मेहुणीला वॉर्डात सगळे वेधशाळा म्हणायचे. तोंडावर इनचार्ज सिस्टर, पाठ वळली की वेधशाळा. फरक एवढाच, की खरी वेधशाळा पाऊस सांगते आणि ऊन पडतं, हिचं मात्र कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे. आणि लोक असं म्हणतात हे ताईंना चांगलं ठाऊक होतं, उगाच खोटं कशाला बोला!

मी मोटर रिवाइंडिंगवाला. पंप, मिक्सर, पंखे, जे जळेल ते आमच्याकडे येतं. बेअरिंग जायच्या आधी मोटर वेगळा आवाज काढते, तो आम्हाला ऐकू येतो. म्हणून मी ताईंना म्हणायचो, "आपला दोघांचा धंदा एकच. बिघडायच्या आधी ओळखायचं." त्यावर त्या म्हणायच्या, "तुमची मोटर खोटं बोलत नाही हो. माझं गिऱ्हाईक बोलतं." तेव्हा मी हसलो होतो.

त्यांचा वॉर्ड पोटाच्या ऑपरेशनांचा. कुणाचं जठर, कुणाचं आतडं, खराब तुकडा कापून दोन टोकं एकमेकांना जोडलेली. ऑपरेशन थिएटरचा दिवा विझला की नातेवाइकांना वाटतं, सुटलो एकदाचे. कसले सुटता! खरी धाकधूक तिथून पुढे. तो आतला जोड धरतोय की उसवतोय, हे बाहेरून कुणाला दिसत नाही. ताप येईपर्यंत, पोट फुगेपर्यंत थांबावं, तर उशीर झालेला असतो. म्हणून डॉक्टर लोक रोज रक्त काढतात, नाडी मोजतात, पोट दाबून बघतात.

तर त्या वॉर्डात एक रीत पडून गेली होती. मोठे डॉक्टर राउंडला आले की कागद बघायचे, पोट बघायचे, आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता विचारायचे, "सिस्टर, चेहरा काय म्हणतो?" ताई दोनातलं एक सांगायच्या. "जाऊ द्या" किंवा "थांबवा". थांबवा म्हटलं की पेशंट राहिला. एकदा एका दणकट माणसाचे सगळे कागद झकास होते, तो बूट घालून तयार होता, आणि ताई म्हणाल्या थांबवा. तो त्यांच्यावर जाम खवळला. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट टम्म फुगलं, आणि तो खाटेवर होता म्हणून वाचला. तेव्हापासून तर त्यांचा शब्द खाली पडेना.

सुट्टीच्या दिवशी त्या आमच्याकडे जेवायला यायच्या आणि हे सगळं आम्हाला घासाघासाला ऐकवायच्या. कंगवा आणि आरसा मागणारी बाई सुधारली म्हणून समजा. चहात साखर कमी आहे म्हणून भांडणारा पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जातो. आणि जो चादरीची कड मुठीत धरून पडलेला असतो आणि विचारलं की "बरंय" म्हणतो, त्याच्यापासून हलायचं नाही. आमची ही ओरडायची, "ताई, जेवताना तरी आतडी नकोत गं!" ओरडायची, पण ऐकत सगळं होती. हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

ही म्हणजे माझी बायको, ताईंची धाकटी बहीण. ताई तिला बारकी म्हणतात. बारकीचं वजन आज माझ्यापेक्षा जास्त आहे, पण ताईंच्या लेखी बारकी ती बारकीच. आई गेली तेव्हा ही अगदी लहान होती. ताईंनी तिला वाढवलं, नर्सिंग शिकता शिकता वाढवलं, आणि त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. रोज सकाळी हिला पुढ्यात बसवून वेण्या घालायच्या. भांग सरळ पडेपर्यंत सोडायच्या नाहीत, मग शाळेची घंटा होऊन गेली तरी बेहत्तर. ही रडायची, ताई विस्कटायच्या, परत पाडायच्या. ती सवय हिला इतकी लागली की अजून ती न बघता हात फिरवते आणि भांग पट्टीने आखल्यासारखा पडतो. लग्नानंतर मला आधी त्याचीच धास्ती वाटायची. वाटायचं, या घरात सगळं असंच सरळ लागणार की काय.

हिच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा तिने नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं, आणि मी नेहमीप्रमाणे आरडाओरडा केला. शेवटी ताईंनीच हाताला धरून नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कापायची आणि जोडायची. गाठ जातीने वाईट नव्हती, हे नंतर कळलं. तोवर आमच्या तोंडचं पाणी पळालेलंच होतं.

मोठे डॉक्टर ताईंना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही रजा टाका. नातेवाईक म्हणून या, बाकावर बसा." ताईंना ते लागलं. "माझ्या वॉर्डात माझी बहीण खाटेवर, आणि मी बाकावर? मग एवढी वर्षं काय गवत उपटलं का मी?" त्या कुणाचं ऐकणार! युनिफॉर्म चढवून त्या ड्युटीवर राहिल्या.

ऑपरेशन ठीक झालं. पण त्यानंतर मी ताईंना जे बघितलं, तसं आधी कधी बघितलं नव्हतं. सकाळी त्या वॉर्डाच्या दारात यायच्या आणि तिथेच थबकायच्या. दुसऱ्यांच्या पेशंटपाशी तरातरा जाणारी बाई, आणि बहिणीच्या खाटेकडे यायला पाय उचलत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा पांढराफटक. मग एकदम पुढे यायच्या आणि हिच्याकडे असं बघायच्या की मलाच धडकी भरायची. ही डोळे मिटून घ्यायची.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो, तर काय! आमची ही उशीला टेकून बसलेली. केस विंचरलेले. हातात शेजारच्या बाईचा छोटा आरसा. चहाचा घोट घेतला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, साखर काय दुकानातच विसरलात?" माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ताई दारात आल्या. त्यांनी बघितलं. केस, आरसा, चहा. त्यांचे खांदे सैल झाले. दारातला सिस्टरचा चेहरा गेला आणि वेण्या घालणारी ताई आली. त्या हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसल्या.

राउंडच्या आधी मला नवीन डॉक्टरीणबाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या. हुशार मुलगी, चष्म्यातून सरळ डोळ्यांत बघणारी. मी विचारलं, "आता घरी ना?" त्या म्हणाल्या, "मला अजून थांबवायचंय. रक्तात एक आकडा असतो, सीआरपी. अंगात सूज किती पेटली आहे ते तो सांगतो. ऑपरेशन झालं की ती पेटतेच, शरीर जखम भरायला धडपडतं. आकडा चढतो, मग उतरणीला लागतो. तुमच्या मिसेसचा चढला आणि वरच बसलाय. ताप नाही, पोट मऊ आहे, सगळं मान्य. पण तो उतरत का नाही, हे स्कॅन करून बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही." मला पटलं. गरम होणारी मोटर कुणी तशीच गिऱ्हाइकाला देत नाही. पण मी कोण? मी गप्प बसलो.

राउंड आला. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या डॉक्टरांना आकडा दाखवला. त्यांनी भुवया उंचावल्या, पोट दाबलं, नाडी बघितली. "नाडी जरा पळतेय." मग सवयीने वळले. "सिस्टर, चेहरा काय म्हणतो?"

ताई हिच्याकडे बघत होत्या. त्यांचा हात हिच्या केसांकडे गेला, मध्येच थांबला, आणि परत युनिफॉर्मच्या खिशात गेला. मग त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. घरी मी आहेच."

"सिस्टर, पण आकडा..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आकडा कागदावर असतो डॉक्टर. पेशंट खाटेवर असतो."

सगळे हसले. मीही हसलो. आमची ही सगळ्यांत मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. ताई ड्युटीवर होत्या. ही पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. चादरीची कड तिच्या मुठीत होती. मी म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "बरंय." अहो, मी साधा मोटरवाला, पण माझ्या पाचावर धारण बसली. कपाळ गार, घामाने चिंब. पोटाला हात लावला, तर ते लाकडाच्या फळीसारखं कडक. अँब्युलन्स येईपर्यंत ती "बरंय, बरंय" एवढंच म्हणत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होतो, "गप, एकदम गप, बरंय म्हणू नकोस!"

जोड सुटला होता. आतली घाण पोटभर पसरली होती. परत चिरलं, धुतलं, आणि आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून तिथे मळासाठी पिशवी लावली. मग आयसीयू. काचेपलीकडे नळ्यांच्या गुंत्यात ही, आणि तिची जगायची खात्री कुणी देईना.

ताई कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. युनिफॉर्ममध्येच. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोललो. "आकडा कागदावर असतो ना? मग जा, बघा खाटेवर काय आहे ते! चुलीत घाला तुमची वेधशाळा!" येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मान खाली घालून ताई बेसिनपाशी गेल्या आणि हात धुवायला लागल्या. धुतच राहिल्या. लोक मला नंतर म्हणाले, असं बोलायला नको होतं. मला तसं वाटत नाही. तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. बायको मरत होती माझी.

ती मेली नाही. हळूहळू, दोन पावलं पुढे एक पाऊल मागे करत, ती घरी आली. पण ताई त्या वॉर्डात राहिल्या नाहीत. राउंडला मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, चेहरा काय म्हणतो, तर म्हणाल्या, "मला सांगता येत नाही." पुढच्या खाटेलाही तेच. मग त्यांनी अर्ज करून बदली मागून घेतली. कुठे? तर कपड्यांच्या स्टोअरमध्ये. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन. सगळ्या हॉस्पिटलला हात चोळायला लावणारा निर्णय. मोठे डॉक्टर स्वतः समजवायला गेले आणि हात हलवत परत आले.

रोज सकाळी ड्युटीवर जाताना मात्र त्या आमच्याकडे यायच्या. पिशवी बदलायला. हात इतके हलके, की हिला कळायचंही नाही. पण मानेच्या वर बघायच्या नाहीत. पोट, पिशवी, थर्मामीटर. "ताप?" "नाही." "जेवण?" "झालं." की पर्स उचलली आणि चालल्या. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे वाचले, तिला बहिणीच्या तोंडाकडे बघवेना.

पहिले काही दिवस, खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, भोगा. मग ते बरं वाटणं विटायला लागलं. ताई वाळत चालल्या. सुट्टीच्या दिवशी जेवायला येईनात. आल्या तरी ताटातलं चिवडत बसायच्या, गोष्ट नाही, थट्टा नाही. आमच्या टेबलावर भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. पूर्वी तो कधी आला नव्हता.

आणि इकडे ही. ताई गेल्या की ही भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटलं, पिशवीमुळे. बायकांना वाटतं ना तसं काहीतरी. एके दिवशी मी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होतो, आणि खालून ही म्हणाली, "तुम्ही ताईला बोललात ते चुकीच्या माणसाला बोललात."

"म्हणजे?"

"मला त्या सकाळी खूप दुखत होतं. ऑपरेशननंतर दुखतं तसं नाही. वेगळंच. आतून काहीतरी पेटल्यासारखं. मी केस विंचरले. आरसा मागून घेतला. साखरेचं तुम्हाला मुद्दाम बोलले."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. "अगं बाई! नाटक केलंस? स्वतःच्या जिवाशी?"

"परत चिरतील याची भीती वाटली."

"म्हणून?"

"म्हणून, आणि..." ती रडायलाच लागली. "ताईचा चेहरा बघवत नव्हता हो. रोज सकाळी दारात थांबायची आणि मी मेलेय की जिवंत बघावं तशी बघायची. तिने मला एवढं केलं. मला वाटलं, एक दिवस तरी हिला हसताना बघावं. काय केलं की ती खूश होते, ते मला पाठ होतं. आपल्याच टेबलावर ऐकलेलं."

मी स्टुलावरून उतरलो. खूप ओरडलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली एवढं आठवतं. मग म्हटलं, "सांग तिला. आत्ता फोन लाव. ती बाई तिकडे चादरींच्या ढिगात स्वतःला गाडून घेतेय."

"नाही सांगणार. सांगितलं तर ती म्हणेल, हे सगळं मीच हिला शिकवलं. तिचं ओझं उतरेल असं वाटतं तुम्हाला? वाढेल."

"मग मी सांगतो."

"सांगून तर बघा."

बायकोच्या त्या स्वरापुढे मी कधी गेलेलो नाही. झालं. एक अपराधी स्टोअरमध्ये, एक पलंगावर, आणि मध्ये मी, कुणावर ओरडायचं तेच न कळणारा. मला फक्त एवढंच हवं होतं, की ताईंनी एकदा हिच्या तोंडाकडे बघावं आणि हिने त्यांना एकदा खरं सांगावं. याहून जास्त मागणं नव्हतं माझं.

काही महिन्यांनी पिशवी काढून आतडं परत जोडायचं ठरलं. त्याच वॉर्डात, त्याच डॉक्टरांकडे. पिशवी बदलता बदलता ताई म्हणाल्या, "मी स्टोअरमध्येच असेन. काही लागलं तर निरोप पाठवा." ही म्हणाली, "तू नसशील तर मी जाणार नाही. पिशवी घेऊनच मरेन." ताई पर्स उचलून निघून गेल्या, आणि ही हट्टाला पेटली. तारीख आली आणि टळली.

शेवटी मी स्टोअरमध्ये गेलो. छतापर्यंत कपाटं, धुतलेल्या कापडाचा कोरडा वास, आणि ताई घडीवर घडी ठेवत होत्या. मी म्हटलं, "ताई, यायचं तर या, नाही तर नका येऊ. पण मला मध्ये लोंबकळत ठेवू नका. ती तुमच्याशिवाय हलत नाही."

"मी येऊन काय करू? मला आता काही दिसत नाही."

"बघू नका काही. बाकावर बसा. नातेवाईक बसतात तशा."

त्यांनी हातातली चादर परत उलगडली, परत घडी घातली. मग मान हलवली.

त्या आल्या. साध्या कपड्यांत, पर्स मांडीवर घेऊन. ऑपरेशन झालं. ताई स्टूल घेऊन खाटेपाशी बसायच्या, पण पायांकडे तोंड करून. हिचे पाय चेपायच्या, पांघरूण सारखं करायच्या. वर बघायच्या नाहीत. वॉर्डातल्या जुन्या नर्सेस येऊन "सिस्टर, चहा?" विचारायच्या, त्याही जीभ चावून लवकर निघायच्या.

मग ती सकाळ आली, जिच्यासाठी मी देवाला, डॉक्टरांना, सगळ्यांना धारेवर धरलं होतं. रक्त नेलं होतं. रिपोर्ट यायचा होता. तेवढ्यात ही मला म्हणाली, "अहो, माझा कंगवा द्या."

आणि मी बैल! उठलो आणि द्यायला लागलो. ताईंनी तो माझ्या हातातून हिसकावला, पर्समध्ये टाकला, चेन ओढली. "रिपोर्ट येईपर्यंत या खाटेवर कुणी केस विंचरायचे नाहीत."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. आमची हीसुद्धा हसायला गेली आणि तिचं हसू मध्येच फुटलं. "ताई, मी मागच्या वेळी..."

"बोलू नकोस. टाके दुखतील."

"दुखू देत. मागच्या वेळी मी मुद्दाम विंचरले होते. तुला बरं वाटावं म्हणून. मला खूप दुखत होतं आणि मी तुला फसवलं. तुझी काही चूक नाही. मी तुला फसवलं गं ताई."

झालं एकदाचं, म्हटलं. आता ही रडेल, ती रडेल, आणि सुटलो. मी खिशात रुमाल चाचपायला लागलो.

ताई हिच्या पायांकडेच बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"भांग वाकडा होता."

हिला कळेना. मला मात्र तो हात आठवला. केसांपर्यंत गेलेला आणि खिशात परतलेला.

"इतक्या वर्षांत तुझा भांग वाकडा बघितला नव्हता मी. तुझा हात वर ठरत नव्हता. पांघरुणाखाली मूठ वळलेली होती, तीही दिसली. डॉक्टरीणबाईंनी आकडा दाखवला, तोही मला कळत होता, मी काही अडाणी नाही. दुसरं कुणी त्या खाटेवर असतं, तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी थांबवा म्हटलं असतं." त्यांचे हात पांघरुणावर तसेच होते. "पण तू मला हसून दाखवलंस. मला तू बरी हवी होतीस. थांबवा म्हटलं असतं, तर तुला काहीतरी झालंय हे मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. नाही म्हणवलं गं. म्हणून जाऊ द्या म्हटलं."

"ताई..."

"तू मला फसवलं नाहीस बारके. मी चुकलेही नाही. चुकले असते तर झोप लागली असती मला."

मी रुमाल खिशातच ठेवला. कॉरिडॉरमध्ये मी यांना काय काय सुनावलं होतं. त्यातलं एक अक्षरसुद्धा त्या बाईला नवीन नव्हतं. माझ्याआधी, माझ्याहून वाईट शब्दांत, त्यांनी ते स्वतःला सुनावून झालं होतं.

तेवढ्यात राउंड आला. डॉक्टरीणबाई पुढे होत्या, हातात रिपोर्ट. लांबूनच त्यांनी मला मान हलवून खूण केली. "उतरलाय. चांगला उतरलाय या वेळी." मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितला, पोट दाबलं, आणि इतक्या वर्षांची सवय, वळता वळता तोंडातून निघून गेलं, "सिस्टर, चेहरा..." डॉक्टरीणबाईंनी जमिनीकडे बघितलं. सगळा वॉर्ड बघायला लागला.

ताई उठल्या. स्टूल उचललं, पायांकडून उशीकडे आणून ठेवलं आणि बसल्या. "चेहऱ्याला नको," त्या म्हणाल्या. "तिलाच विचारते."

आणि त्यांनी मान वर केली. कित्येक महिन्यांनी त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. हिचे केस चिकटलेले, विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, नाकाला नळीचा वळ. काही काही चांगलं दिसत नव्हतं.

"दुखतंय?" ताईंनी विचारलं.

हिचे ओठ सवयीने हलले. 'बरंय'चा ब मला दिसला, ओठांवर आलेला. माझी मूठ आपोआप वळली. मग हिने चादरीची कड सोडली.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय ताई."

"कुठे?"

"इथे."

"किती?"

"खूप."

ताईंनी तिथे हात ठेवला. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले, त्यांच्यामागे सगळे गेले. ताई तिथेच हात ठेवून बहिणीच्या तोंडाकडे बघत बसल्या.